बँडचा गायक एकटा निघतो तेव्हा: फ्रेडी मर्क्युरीचा 'मिस्टर बॅड गाय' आणि आमच्या घरातला रुसवा

तापीकाठ

राम राम मंडळी.

भाचा जळगावला इंजिनिअरिंगला आहे. चार पोरांचा रॉक बँड आहे त्यांचा, हा ड्रम वाजवतो. त्यांच्या गायकाने आता जाहीर केलंय की तो स्वतःच्या नावाने सहा गाण्यांचा अल्बम काढणार. बँड मोडलेला नाही, गॅदरिंगला चौघं एकत्रच उभे राहणार आहेत, पण अल्बमवर बाकीच्या तिघांचं नाव नाही. शनिवारी भाचा भुसावळला आमच्याकडे आला तो तोंड फुगवूनच. शेवभाजी समोर असून पोरगं मुकाट जेवलं, तेव्हा त्याच्या मामीला वाटलं, पेपर अवघड गेला असणार.

त्याची समजूत काढायची म्हणून मी 'मिस्टर बॅड गाय' लावला. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचा हा पहिला एकट्याचा अल्बम, एप्रिल १९८५. क्वीनच्या कामातून मधे मधे वेळ काढून म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत केलेला. अकरा गाणी, सगळी त्याने स्वतः लिहिलेली आणि बांधलेली. निर्मितीला सोबत राइनहोल्ड मॅक, जो क्वीनचंही काम करायचा. ब्रिटनच्या यादीत अल्बम सहाव्या नंबरपर्यंत गेला. म्हणजे पडला असं कुणी म्हणू शकत नाही.

तरीही मला तो दरवेळी अर्धवट वाटतो. आवाजात काही कमी नाही, उलट काही ठिकाणी क्वीनमध्येही इतका मोकळा सुटलेला नाही. पण त्याला आडवं जाणारं कुणी नाही. सिंथेसायझर त्याच्या मागे मागे चालतो, ड्रम ठेका धरून बसतात, आणि तो ज्या दिशेला वळेल तिकडे सगळे हो म्हणून वळतात. क्वीनमध्ये ब्रायन मेची गिटार मधेच तोंड घालते. इथे तसं तोंड घालणारं कुणी नाही.

पुरावाही आहे. १९९१ला फ्रेडी गेला. १९९५ला बाकीच्या तिघांनी 'मेड इन हेवन' काढला, त्यात याच अल्बममधली दोन गाणी घेतली: 'मेड इन हेवन' आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू'. गायकी जुनीच, फ्रेडीची. मागचं वाजवणं मात्र तिघांनी नव्याने केलं. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. गळा तोच, पण गाणं दुसरंच उभं राहतं.

भाच्याला हे ऐकवलं तर तो म्हणाला, "म्हणजे मामा, आमचा गायक मेल्यावर आमचा नंबर लागणार?" त्यावर मला काही सुचलं नाही.

तर मंडळी, प्रश्न हा: गायक एकटा निघाला की नेमकं काय निसटतं? की काहीच निसटत नाही, आणि आपण नुसते बँडवर जीव लावून बसलेले लोक आहोत?

---

रावेरची_केळी

भाच्याला दहापैकी दहा. पुढचं वाचलंच नाही मी, हसत बसलो.

---

रेल्वे_क्वार्टर

हा अल्बम मी भुसावळातच पहिल्यांदा ऐकला. तेव्हा आमच्या रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं बऱ्यापैकी होती. शेजारचे अंकल इंजिनवर, त्यांचा मुलगा मुंबईहून कॅसेटी आणायचा. ख्रिसमसला त्यांच्या व्हरांड्यात टेबल सरकवून नाच चालायचा आणि आम्ही पोरं कुंपणाला लटकून बघायचो. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' लागलं की म्हाताऱ्या बायकासुद्धा उठायच्या. त्याच घरात क्वीनचं एखादं जड गाणं लागलं की त्या आत जाऊन केक कापायला घ्यायच्या.

म्हणून तापीकाठ, तुमचं बोलणं मला अर्धंच पटतं. हा अल्बम नाचायला केलेला आहे. त्या काळात फ्रेडीचा मुक्काम बराचसा म्युनिकमध्ये होता, तिथल्या क्लबांमध्ये जे वाजायचं ते त्याच्या अंगात भिनलेलं. 'लिव्हिंग ऑन माय ओन'चा व्हिडिओ तर त्याच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या पार्टीतलाच आहे. असल्या गाण्यात ब्रायन मेला सोडला असता तर त्याने तीन मिनिटांचा सोलो वाजवून लोकांना खाली बसवलं असतं.

१९८२चा 'हॉट स्पेस' आठवा. क्वीननेच नाचाचं संगीत करायला घेतलं होतं आणि त्यांचे जुने चाहते चिडले होते. बँडला जे झेपलं नाही ते यानं बाहेर जाऊन केलं, इतकी साधी गोष्ट.

---

नंदुरबारची_मिरची

मला धाग्याचा सूरच पटलेला नाही. "आडवं जाणारं कुणी नाही" हे तक्रार म्हणून का लिहिलंय? चौदा-पंधरा वर्षं तीन माणसांशी वाद घालून गाणी केल्यावर एखाद्याला वर्षभर कुणाशीही न भांडता काम करावंसं वाटलं, तर त्यात बिघडलं काय?

दुसरं, बाहेर पडणारा फ्रेडी पहिला नव्हताच. ड्रमर रॉजर टेलरचा स्वतःचा अल्बम १९८१लाच आला होता, ब्रायन मेचा छोटेखानी अल्बम १९८३ला. त्यांच्यावर कुणी "काय निसटलं" असा धागा काढत नाही. गायक गेला की मात्र घर फोडल्यासारखं वाटतं. कारण आपण बँडला गायकाच्या तोंडाने ओळखतो.

तिसरं, 'देअर मस्ट बी मोर टू लाइफ दॅन धिस' हे गाणं. ते क्वीनसोबत 'हॉट स्पेस'च्या वेळी करून बघितलं होतं, जमलं नाही, बाजूला पडलं. मग मायकल जॅक्सनबरोबर रेकॉर्ड करून बघितलं, तेही पडून राहिलं (तो प्रकार थेट २०१४ला बाहेर आला). शेवटी फ्रेडीने ते स्वतःच्या अल्बमवर एकट्याने गायलं. पियानो आणि आवाज, फार काही नाही. बँडच्या भरवशावर बसला असता तर हे गाणं त्याच्या हयातीत आपल्याला मिळालंच नसतं. आडवं जाणारे लोक कधी कधी गाणी मारूनही टाकतात, तेही मोजा की.

आणि १९९५च्या रूपाबद्दल: 'मेड इन हेवन' नव्यात भव्य झालंय, कबूल. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' मात्र मला जुनंच आवडतं. नव्यात गिटारींनी इतकी गर्दी केलीय की प्रेमाचं गाणं आहे हे आठवून द्यावं लागतं.

---

तापीकाठ

मिरचीताई, 'देअर मस्ट बी'चा मुद्दा बिनतोड आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मागच्या गिटारींबद्दल भांडायला मी तयार आहे, जरा चहा पिऊन येतो.

---

कळण्याची_भाकरी

माझं साधं मत. वांगं कितीही आसोद्याचं असलं तरी गॅसवर भाजून भरीत होत नाही, कपाशीच्या पऱ्हाट्यांची धग लागते. बँड म्हणजे ती धग.

---

रावेरची_केळी

आलं! कुठलाही धागा असो, पंचवीस प्रतिसादांच्या आत भरीत येतंच. या वेळी तर पाचव्यालाच आलं.

---

पितळी

बँड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रॉक नाही, लग्नाचा बँड येतो. आमच्या वडिलांचा होता, धुळे तालुक्यात. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, ढोल, साइड ड्रम, नंतर कॅसिओ आणि पॅड आलं. गाडीवर दोन भोंगे आणि माइक हातात घेतलेला गायक.

तुम्ही जे "आडवं जाणं" म्हणताय ते मी रस्त्यावर पाहिलंय, पण जरा वेगळं. वरात चौकात अडकते. नवरदेवाचा मामा दातात नोट धरून नाचतोय, तो काही हलत नाही. गाणं अंतऱ्याला आलेलं असतं, पण पब्लिकला परत मुखडाच हवाय. अशा वेळी गायक डावा हात मागे करून नुसती दोन बोटं हलवायचा. ढोलवाला ते बघून तिहाई मारायचा, क्लॅरिनेटवाला मुखड्याचा सूर उचलून द्यायचा आणि गायक त्यावर स्वार व्हायचा. कधी गायक शब्दच विसरायचा, तेव्हा क्लॅरिनेट ती ओळ वाजवून टाकायची, लोकांना पत्ता नाही. कधी उलटंही व्हायचं: गायक तान घेतच बसला की ढोलवाला वैतागून लय वाढवायचा, म्हणजे आता आटप.

मग आमचा गायक बँड सोडून गेला. ऐन लगीनसराईत, तीन सुपाऱ्या हातात असताना. एक मिक्सर, दोन स्पीकर घेतले आणि पेन ड्राइव्हवरच्या ट्रॅकवर गाऊ लागला. अहिराणी गाणीही रेकॉर्ड केली, यूट्यूबवर चांगली चालली. मी त्याला एका लग्नात ऐकलं. आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येत होता, खोटं कशाला बोलू. पण चौकात तोच प्रकार झाला, पब्लिकला मुखडा हवा, आणि ट्रॅक आपला अंतऱ्यात निघून गेला. याने सवयीने डावा हात मागे केला. मागे स्पीकर!

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर मिरचीताई धरतील. तो गायक आज आमच्यापेक्षा जास्त कमावतो. आमच्याकडे वीस माणसांत वाटणी व्हायची, गायकाला बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त, बस. त्याच्या नावावर लोक सुपारी द्यायचे आणि नाव मात्र गाडीवर वडिलांचं. त्याची चूक काय होती हे मला आजही नीट सांगता येत नाही. सराई संपल्यावर गेला असता तर बरं झालं असतं, एवढंच.

---

कळण्याची_भाकरी

पितळीभाऊ, "मागे स्पीकर" वाचून अंगावर काटा आला आणि हसूही आलं. असंच लिहीत जा.

---

अमळनेरकर

पितळींनी हाताच्या इशाऱ्याचं लिहिलंय ते इथे लागू पडतं. 'मिस्टर बॅड गाय'वर वाजवणारे लोक कच्चे नव्हते. ड्रमला कर्ट क्रेस, गिटारला पॉल व्हिन्सेंट, पियानो-सिंथेसायझरला फ्रेड मँडेल, आणि मँडेल तर आधी क्वीनसोबतही वाजवून आलेला. पण ते पैसे घेऊन आलेले वादक. सांगितलेलं उत्तम वाजवणार. "हे कडवं काढून टाक, कंटाळवाणं आहे" असं ते फ्रेडी मर्क्युरीला का म्हणतील?

म्हणून मी म्हणेन, एकटा निघालेला गायक कोण कोण सोबत घेतो यावर सगळं आहे. त्याच १९८५ साली स्टिंगचा पहिला स्वतःचा अल्बम आला, 'द ड्रीम ऑफ द ब्लू टर्टल्स'. 'पोलिस' बँडची धुसफूस मागे ठेवून त्याने सॅक्सोफोनला ब्रॅनफर्ड मार्सालिस, कीबोर्डला केनी कर्कलंड, ड्रमला ओमर हकीम अशी जॅझची माणसं घेतली. स्वतःचं बास सोडून गिटार धरली. ही माणसं त्याच्यापेक्षा वाजवण्यात वरचढ, त्यामुळे त्याला पळावं लागलं, आणि ते ऐकू येतं.

लेड झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट बघा. ड्रमर जॉन बॉनहॅम गेल्यावर १९८०ला तो बँडच संपला. १९८२च्या पहिल्या अल्बमवर ड्रमला त्याने बहुतेक गाण्यांत फिल कॉलिन्सला बसवलं. कॉलिन्स तेव्हा स्वतःच मोठा. तिथे होयबा चालणार नव्हता.

उलट उदाहरण 'रोलिंग स्टोन्स'चा गायक मिक जॅगर, तेही १९८५चंच. त्याच्या एकट्याच्या अल्बमवर त्याच बँडचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स किती भडकला ते जगजाहीर आहे. म्हणजे तापीकाठ, तुमच्या भाच्याला सांगा की त्याचा रुसवा चांगल्या घराण्यातला आहे.

---

लोखंडी_कान

ऑझी ऑस्बॉर्नशिवाय हा धागा म्हणजे गुन्हा आहे. १९७९ला 'ब्लॅक सॅबथ' बँडने आपल्या या गायकाला काढून टाकलं. लोक म्हणाले, संपला. १९८०ला 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणला आणि रँडी ऱ्होड्स नावाचा गिटारवाला जगाला दाखवला. गाण्यांचे शब्द बरेचसे बास वाजवणाऱ्या बॉब डेझलीचे. म्हणजे नावाला एकट्याचा अल्बम, कामाला नवा बँड. अमळनेरकरांचा मुद्दा इथे पक्का बसतो.

आणि तो स्वतःहून निघाला नव्हता, हाकलला होता. भुकेल्या माणसाचा पहिला अल्बम आणि भरल्या पोटाच्या माणसाचा पहिला अल्बम यांत फरक पडणारच.

---

नंदुरबारची_मिरची

भुकेचं तत्त्वज्ञान नको. उपाशी राहून वाईट गाणारे आमच्याकडे गणेशोत्सवात दर गल्लीत मिळतात.

---

केळीबाग_यावल

अवांतर: या अल्बमच्या कव्हरवरची अर्पणपत्रिका कुणी वाचलीय का? फ्रेडीने हा अल्बम आपल्या जेरी नावाच्या मांजराला अर्पण केलाय, शिवाय टॉम, ऑस्कर, टिफनी यांना आणि विश्वातल्या समस्त मांजरप्रेमींना. बाकीच्यांसाठी एक शिवी आहे, ती इथे लिहीत नाही.

---

बोरी_नदी

काय भो, एवढा मोठा गवय्या अन् मांजरीसले अल्बम दिधा! आमना घर मांजर दूध पी जास, तिले शिव्या मियतस.

---

रावेरची_केळी

बँडमधल्या तिघांना न वाहता मांजरांना वाहिला, यातच धाग्याचं उत्तर आलं. मांजर आडवं जातं, पण बोलत नाही.

---

तापीकाठ

केळी, हे भाच्याला पाठवतोय. पहिल्यांदा हसेल बहुतेक.

---

घाटावरून_आलेली

अवांतरात अवांतर. मी लग्न होऊन चोपड्याला आले, माहेर वाईचं. आमच्याकडे पाचगणी हाकेच्या अंतरावर, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत हा फ्रेडी, म्हणजे मूळचा फारूख बुलसारा, शिकला. जन्म झांझिबारचा, १९४६चा, पारशी घर. आठ वर्षांचा असताना त्याला बोर्डिंगात टाकलं. तिथे पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड केला होता, त्यात हा पियानोवर असायचा. पुढे उभा राहून गाणारा मुख्य गायक दुसराच होता.

मला ही गोष्ट या धाग्यात महत्त्वाची वाटते. म्हणजे बाजूला बसून दुसऱ्या गायकामागे वाजवायचं काम फ्रेडीने स्वतः केलेलं होतं. तापीकाठ दादांच्या भाच्याच्या जागी तो बसलेला होता.

---

बोरी_नदी

बुलसारा म्हणजे घराण्याचं मूळ बुलसाडचं, आताचं वलसाड. सुरतेच्या जरा खाली. भुसावळ-सुरत गाडी उधन्यापर्यंत नेतेच, पुढे थोडंसंच. म्हणजे फ्रेडी आपला पाव्हणाच निघाला.

---

लोखंडी_कान

झालं. आता त्याला कळण्याची भाकरी खायला बोलवा.

---

चाळीसगाव_लूप

जरा कामाचं लिहितो. पोरांच्या रुसव्यात एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे कागद.

आपल्या कायद्यात एका गाण्याचे हक्क वेगवेगळ्या खिशांत असतात. शब्द लिहिणाऱ्याचा एक, चाल बांधणाऱ्याचा दुसरा, रेकॉर्डिंगवर पैसे लावणाऱ्याचा तिसरा, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कलाकार म्हणून आणखी वेगळे. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी कुणाला लिहून घेता येत नाही. पण मुळात संगीतकार कोण हे ठरलेलं पाहिजे ना! बँडमध्ये चाल कुणाची हे कुणीच लिहून ठेवत नाही. गायक गुणगुणतो, गिटारवाला त्याला तुकडा जोडतो, ड्रमर म्हणतो इथे थांब, आणि तीच जागा गाण्याची ओळख होते. अल्बमवर छापून येतं फक्त गायकाचं नाव.

क्वीनमध्येही यावरून कटकटी होत्या, कारण ज्याच्या नावावर गाणं त्याला पैसे. शेवटी १९८९च्या 'द मिरॅकल'पासून त्यांनी ठरवलं की सगळी गाणी चौघांच्या नावावर. भांडणं त्यानंतर कमी झाली असं तेच सांगायचे.

तेव्हा भाच्याने हे करावं: त्या सहा गाण्यांत बँडच्या तालमीत तयार झालेलं एखादं आहे का ते बघावं. असेल तर गाणं बाहेर पडायच्या आधी, भांडण न करता, कुणाचा किती टक्के वाटा हे एका पानावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात. शब्द-चाल ज्यांची त्यांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं. नुसता ठेका धरला म्हणून कुणी संगीतकार होत नाही, हेही भाच्याला सांगा. पण गाण्याचा साचाच त्याच्या ठेक्यावर उभा असेल तर मागायला लाजू नये.

माझ्या ओळखीत एका पोराच्या बाबतीत हे झालं नाही आणि दोन मित्र आजतागायत एकमेकांच्या लग्नाला गेलेले नाहीत.

---

पितळी

लूप, हे आमच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर. आमच्याकडे कागद एकच असायचा, सुपारीची वही.

---

रेल्वे_क्वार्टर

कुणी तरी १९९३ विसरतंय म्हणून लिहितो. 'लिव्हिंग ऑन माय ओन' मूळ आलं तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्या चाळिसातही गेलं नव्हतं. फ्रेडी गेल्यानंतर दोन वर्षांनी त्याचं क्लबवाल्या ठेक्यातलं नवं रीमिक्स निघालं आणि ते थेट पहिल्या नंबरवर बसलं. त्यात क्वीनमधल्या कुणाची गिटार नाही, ड्रम नाहीत. म्हणजे तापीकाठ, तुमचा पुरावा दोन्ही बाजूंनी चालतो. एक गाणं बँडने उचलून मोठं केलं, दुसरं आणखी नाचरं करून मोठं झालं.

मधल्या भागात तो शब्द सोडून नुसतं 'डी-डा-डी' करत सुटतो ते ऐका. तिथे मागे काय वाजतंय याकडे लक्षच जात नाही.

---

नंदुरबारची_मिरची

बरोब्बर! मी हेच म्हणत होते. धन्यवाद काका.

---

अमळनेरकर

मिरचीताई, लगेच विजय जाहीर करू नका. एक गोष्ट बघा. अल्बम आला एप्रिलच्या शेवटी. १३ जुलैला लाइव्ह एड झालं, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीची मोठी मैफल, लंडनच्या वेंब्लीत सत्तर हजारांच्या वर पब्लिक, जगभर टीव्हीवर. नवीन अल्बम खपवायला यापेक्षा मोठी जागा कुठली? पण त्या वीसेक मिनिटांत फ्रेडीने स्वतःच्या अल्बममधलं एकही गाणं गायलं नाही. सगळी क्वीनची. या अल्बमसाठी एकट्याने दौराही कधी केला नाही. उलट मिक जॅगर त्याच दिवशी तिकडे फिलाडेल्फियात स्वतःच्या बँडशिवाय गात होता.

मला वाटतं, त्याला स्टुडिओत एकटं राहायला आवडलं, पण स्टेजवर पाठीमागे तेच तिघं हवे होते.

---

नंदुरबारची_मिरची

किंवा बोलावणं क्वीनला होतं, म्हणून क्वीनची गायली. लग्न एकाचं आणि आहेर दुसऱ्याच्या नावाने करत नाहीत. पण दौऱ्याचा मुद्दा चांगला आहे, तो मान्य.

---

तापीकाठ

मंडळी, काल भाचा परत आला होता. धागा पूर्ण वाचला त्याने, मोबाइल हातातून घेऊन. पितळींचं दोनदा वाचलं.

तर माहिती अशी. सहांपैकी दोन गाणी तालमीतलीच आहेत. लूप यांच्या सल्ल्याप्रमाणे त्याने गायकाला फोन केला, भांडला नाही, म्हणाला "त्या दोन गाण्यांचं आपण लिहून ठेवू." तिकडून उत्तर आलं, "मी तुलाच फोन करणार होतो, त्या दोन्हींत ड्रम मशीनने मजा येत नाही, तू वाजवशील का?" आता हा खरंच करणार होता की ऐनवेळी सुचलं, देव जाणे. भाच्याने हो म्हटलं नाही. "गिटारवाल्याचं काय" असं विचारलं. त्यावर गायक म्हणाला, बघू. म्हणजे एक रुसवा संपून दुसरा सुरू होईल असं दिसतंय.

त्याने मला एक गोष्ट सांगितली जी माझ्या डोक्यात नव्हती. म्हणाला, "मामा, त्याने बाकीची चार गाणी मला ऐकवली. ती बँडसारखी नाहीतच. आम्ही ती वाजवली असती तर वाट लावली असती." ही चार गाणी त्याची आणि दोन आमची, असा त्याचा हिशेब आहे. माझ्या मूळ प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला तरी देता आलं नसतं. मिरचीताई, चहा पिऊन झाला, गिटारींवर भांडायला मी आता मोकळा आहे.

---

नंदुरबारची_मिरची

या. आधी २०१९चं नवं मिक्स ऐकून या. मूळ टेपांवरून क्वीनच्याच ध्वनी-तंत्रज्ञांनी पुन्हा केलंय. तेव्हाचा तो पत्र्यासारखा आवाज बराच गेलाय, पियानो पुढे आलाय. तुमची निम्मी तक्रार मला वाटतं त्या जुन्या मिक्सबद्दल आहे, फ्रेडीबद्दल नाही.

---

रेल्वे_क्वार्टर

नव्या मिक्सला माझा विरोध. पत्र्यासारखा आवाज हाच १९८५चा आवाज.

---

केळीबाग_यावल

मी दोन्ही लावून बघितलं. 'माय लव्ह इज डेंजरस'मध्ये सुरुवातीचा तो रेगे ठेका नव्यात जास्त मोकळा वाटतो. शीर्षकगीतातला ऑर्केस्ट्रा मात्र जुन्यात कमी सुटा असला तरी जास्त नाटकी आहे, आणि त्या गाण्याला नाटक पाहिजेच.

---

लोखंडी_कान

माझं ऑझीचं कुणीच पुढे नेलं नाही, याची नोंद घ्यावी.

---

अमळनेरकर

वेगळा धागा काढ, तिथे येतो. रँडी ऱ्होड्सबद्दल मला बरंच लिहायचंय.

---

लोखंडी_कान

काढतो. या आठवड्यात आमच्याकडे केळीची कापणी आहे, ट्रक लागलेत. पुढच्या रविवारी.

---

रावेरची_केळी

भाव काय मिळाला ते पण त्याच धाग्यात टाक.